नाव माझं, आतलं क्रीम दुसरंच

मी बोलतेय ती एका जुन्या टॉवेलाच्या घडीतून. बाहेरचं काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. मी फाउंडेशनची बाटली. जाड काच, सोनेरी झाकण, छातीवर कोरलेलं नाव. आज त्या नावाचीच लाज वाटते, पण एके काळी मी त्या नावावर फार मिरवलेय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते मोठ्या दुकानातलं काचेचं काउंटर आणि त्याच्यावरचा पांढरा दिवा. तिथे आम्ही बहिणी बहिणी रांगेत उभ्या असायचो. गोरीपासून सावळीपर्यंत प्रत्येकीचा रंग वेगळा, तोरा मात्र एकच. बायका यायच्या, आम्हाला हातात घ्यायच्या, किंमत बघायच्या आणि असं ठेवायच्या की जणू चटका बसला. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

मला नेलं ते एका मेकअप करणाऱ्या बाईने. नवरा गेल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि एक आरसा मांडून काम सुरू केलं होतं. आख्खी गल्ली तिला मावशी म्हणायची. नवऱ्या मुली, त्यांच्या बहिणी, फोटो काढायला निघालेल्या पोरी, सगळ्या त्या खुर्चीत बसायच्या. मावशीने मला आरशासमोर बरोबर मधोमध ठेवलं, नाव पुढे करून. त्याचं कारण मला लवकरच कळलं. खुर्चीत बसणारी बाई आधी आरशात स्वतःकडे बघत नाही, आधी टेबलावर काय काय मांडलंय ते बघते.

सुरुवातीची दोन वर्षं सुखात गेली. आमच्यातली एक रिकामी झाली की मावशी तसलीच दुसरी आणायची आणि आधीची टाकून द्यायची. खरं तर तेव्हाच गेले असते तर सुटले असते. पण नेमकी माझी पाळी आली आणि किमती वाढल्या. मावशी काउंटरपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत आली.

मग तिने स्वस्तातलं शोधायला घेतलं. ते शोधणं बघायला हवं होतं तुम्ही. बाजारातून चार-पाच ट्यूबा आणायची. सकाळी खिडकीशी उजेडात उभी राहून डाव्या जबड्यावर बोटाने रेघा ओढायची, एक या ट्यूबची, एक त्या ट्यूबची आणि मध्ये माझ्या तळाशी उरलेल्या थेंबाची. दुपारपर्यंत तोंड धुवायचं नाही. कुठली रेघ काळवंडते, कुठली पांढुरकी पडते, कुठे खाज सुटते, सगळं बघायचं. तिचा नेम होता, परक्या लेकीच्या तोंडाला जे लावायचं ते आधी आपल्या तोंडाला. त्यात तिने कधी चालढकल केली नाही.

शेवटी दोन ट्यूबा सापडल्या. एक जरा पिवळट, एक जरा गुलाबी. दोन्ही मिसळून वर साधं क्रीम थेंबभर. तिने रेघ ओढली आणि मला माझीच रेघ ओळखता येईना. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण खोटं कशाला बोलू? जमलं होतं तिला.

मावशी भोळी. तिने ते सगळ्यांना उघड सांगितलं. लग्नाच्या हॉलची मालकीण सुनेला घेऊन आली होती. या मालकीणबाई नवऱ्या मुली मावशीकडे धाडायच्या, त्यांच्या शब्दावर मावशीचं निम्मं काम चालायचं.

मावशी म्हणाली, "हे स्वस्तातलं आहे, पण त्याच्यात नि ह्याच्यात मला तरी फरक दिसत नाही. तुमचेही पैसे वाचतील."

मालकीणबाईंनी त्या ट्यूबकडे असं बघितलं, जणू टेबलावर पाल पडलीय. "माझ्या सुनेला बाजारातलं फासणार होय तू?"

सून खुर्चीतून उठलीसुद्धा. त्या महिन्यात आणखी दोघी परत गेल्या. मावशी संध्याकाळी खुर्चीत स्वतःच बसून राहिली. मग उठली, मला गरम पाण्याने धुतलं, काडीला कापूस लावून माझा तळ स्वच्छ केला, कागदाची नळी केली आणि तिचं मिश्रण माझ्यात ओतलं.

टेबलावर पुन्हा भारीतली बाटली दिसते हे कानावर गेलं, तशा आठवड्याने मालकीणबाई सुनेला घेऊन पुन्हा आल्या. मी मधोमध उभी. मावशीने माझ्यातलं लावलं. सून आरशात इकडून तिकडून वळून बघत राहिली. मालकीणबाई म्हणाल्या, "बघ, चांगली वस्तू ती चांगली वस्तू. चेहऱ्यावर कळतंच."

मावशी खाली मान घालून ब्रश पुसत होती. मला हसू येत होतं आणि तिची कीवही. पुढे तेच चालू राहिलं. काम वाढलं, कुणाची तक्रार नाही. माझ्या नावाने तिचं क्रीम खपत होतं, आणि खरं सांगते, ते क्रीम चांगलं होतं.

एकच गोष्ट बिघडत होती, आणि तिचा अर्थ फक्त मला कळत होता. डावा जबडा. इतकी वर्षं नाना तऱ्हेची क्रीमं त्याच जागी फासून ती कातडी जाड झाली होती, काळपट आणि खरखरीत. पूर्वी एखादं क्रीम वाईट निघालं की मावशी दहा मिनिटांत तोंड धुवायला पळायची. आता तिला काही झोंबेनासं झालं. ती समजायची, आपली पारख सुधारली. फोटोत ती डावी बाजू भिंतीकडे करून उभी राहायची, एवढंच.

मावशीला एकच मुलगी. ती शिकायला मामाकडे होती. शिक्षण संपवून परत आली तेव्हा चांगली उंच झालेली, चेहरा नितळ. मैत्रिणींना अभिमानाने सांगायची, "आमची आई भारीतलंच वापरते, हलकं काही टेबलावर चालत नाही तिला." मावशी हे ऐकायची आणि चहा ठेवायला आत जायची. सांगायचं तिच्या मनात होतं. पण रोज उद्यावर जात होतं.

मग लेकीला नोकरी लागली. कुठे, तर त्याच मोठ्या दुकानात, त्याच काचेच्या काउंटरवर, जिथे मी उभी असायचे. आधी काही दिवस परीक्षेचे. तिथली मुख्य बाई रोज पाळी सुरू होण्याआधी पांढऱ्या दिव्याखाली प्रत्येकीचा चेहरा तपासायची. चेहरा हाच तिथला माल. घरात किती दिवसांनी हसू आलं होतं.

नेमकी त्याच सुमारास गुलाबी ट्यूब बाजारातून गायब झाली. दुकानदाराने दुसरी काढून दिली. "तेच आहे मावशी, वरचं कव्हर बदललंय फक्त." मावशीने त्याच्या शब्दावर भरवसा ठेवला नाही. घरी येऊन रीतीप्रमाणे डाव्या जबड्यावर रेघ ओढली, संध्याकाळपर्यंत तशीच वावरली. काही झालं नाही. होणार कसं, ती कातडी मेली होती. मला तोंड असतं तर ओरडले असते, पण मला फक्त झाकण आहे.

पहिल्या दिवशी सकाळी लेक खुर्चीत बसली. म्हणाली, "आई, तुझ्या हातूनच करून दे. आणि आज काही प्रयोग नकोत हं, ही खरी बाटली काढ." माझ्याकडे बोट दाखवलं तिने. मावशीचा हात क्षणभर थांबला. मग तिने मला उचललं. तिचा तिच्या मिश्रणावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. लेकीच्या गालावर तिने इतक्या मायेने बोटं फिरवली की मला वाटलं, जाऊ दे, होईल सगळं नीट.

दुपारी लेक गालावर रुमाल धरून घरी आली. दोन्ही गाल लाल, डावा जास्त. "जळतंय नुसतं," म्हणाली. मावशी तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरला दाखवायला लेकीने मला पर्समध्ये टाकलं होतं.

डॉक्टरांनी मला हातात घेतलं, नाव वाचलं. "हे होय? हे तर आमच्या घरीही आहे. याने काही होत नाही. खाण्यात काही आलं असेल, नाहीतर ऊन लागलं असेल. मलम देतो."

पडद्याच्या पलीकडे बाकावर हॉलच्या मालकीणबाई गुडघा धरून बसल्या होत्या. त्यांनी पडदा सारून डोकावलं. "तीच ना गं बाटली, माझ्या सुनेला लावलेली? तिला तर काही झालं नाही."

डॉक्टर मावशीकडे बघत होते. लेक मावशीकडे बघत होती. मावशीने तोंड उघडलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकते, कारण मी तिला इतकी वर्षं जवळून बघतेय. एका शब्दाने सगळ्या नवऱ्या मुली जाणार होत्या. आणि तिचा स्वतःचा जबडा तर तिला साक्ष देत होता की क्रीम निर्दोष आहे.

"हो," मावशी म्हणाली. "तीच."

रात्रभर तिला झोप आली नसावी. सकाळी ती लेकीला म्हणाली, "आज तुझी पाळी दुपारची, तोवर तोंडाला काही लावू नकोस. मी आलेच." एका नवऱ्या मुलीने दिलेली आगाऊ रक्कम तिने डब्यातून काढली आणि मोठ्या दुकानाकडे निघाली, खरी बाटली आणायला. जाण्याआधी तिने मला टेबलावर शोधलं, सामानाच्या पेटीत शोधलं. मी लेकीच्या पर्समध्येच राहिले होते. मावशीला वाटलं, आल्यावर बघू.

लेकीने थोडा वेळ वाट पाहिली. घड्याळाकडे बघितलं, आरशात बघितलं. लाल गाल घेऊन त्या पांढऱ्या दिव्याखाली उभं राहायची सोय नव्हती, आणि दुसऱ्याच दिवशी दांडी मारली तर नोकरीवर पाणी. डॉक्टर तर म्हणालेच होते, याने काही होत नाही. तिने पर्समधून मला काढलं आणि लाली झाकायला जाड थर दिला. झोंबत होतं तिला, डोळ्यांतून पाणी येत होतं. तरी दात आवळून ती वर आणखी एक थर देत होती.

तेवढ्यात मावशी दारात आली. हातात माझी बहीण, कोरी करकरीत.

लेक आरशातूनच म्हणाली, "अगं, दुसरी कशाला आणलीस? ही अर्धी आहे की अजून."

मावशी तिथेच उभी राहिली. लेकीने मागे वळून तिचा चेहरा बघितला. मग उठली, नव्या बाटलीचं झाकण काढलं, वास घेतला. मग माझा घेतला. आम्ही दोघी टेबलावर शेजारी शेजारी. वरून एकसारख्या.

"ह्यात काय आहे, आई?"

"आधी तोंड धू," मावशी म्हणाली. "सांगते. तू आधी तोंड धू."

धुऊन काय व्हायचं होतं. संध्याकाळपर्यंत डावा डोळा सुजून मिटला, गालाची कातडी ओलावून सुटली. मोठ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मावशीने आधी सगळं खरं सांगितलं, मग बसली. ते म्हणाले, पहिल्याच दिवशी कळलं असतं तर एवढं झालं नसतं. जखम भरली. पण गालापासून जबड्यापर्यंत एक काळा डाग राहिला, डाव्या बाजूला. आईचा जिथे आहे तिथेच. काउंटरवरच्या बाईचा निरोप आला, बरी झालीस की ये, बघू. लेक एकदा जाऊन आली. त्यानंतर तिकडचा विषय तिने काढला नाही.

मावशीने स्वतः हॉलवर जाऊन मालकीणबाईंना सांगितलं. तिकडून येणारी वाट बंद झाली. आता टेबलावर त्या स्वस्त ट्यूबा स्वतःच्याच नावाने मांडलेल्या असतात. येणारीच्या कोपराच्या आतल्या बाजूला मावशी आधी थेंब लावते आणि म्हणते, उद्या या. बहुतेक जणी येत नाहीत.

लेक टायरच्या दुकानात बिलं फाडते. निघताना मावशी रोज विचारते, "थोडं लावून देऊ का गं, दिसणार नाही." लेक चपला घालते आणि "नको" म्हणते. एरवी दोघी कामापुरतं बोलतात. डाग झाकण्यासारखं मिश्रण मावशीने कधीच जमवून ठेवलंय. त्याचं झाकण अजून उघडलं गेलं नाही.

आणि मी? मला घासूनपुसून खिडकीत ठेवलं होतं. आज सकाळी भंगारवाला आला. मावशीने बाकीच्या बाटल्यांबरोबर मलाही पुढे केलं. बाकीच्या त्याने पोत्यात टाकल्या, मला मात्र उजेडात धरून बघितलं.

"हिचे वेगळे देतो मावशी. झाकण आहे ना? मग जास्त देतो."

"रिकाम्या बाटलीचे?"

"मागणी असते हो ह्यांना. भरून विकतात लोक."

मावशीने त्याच्या हातातून मला काढून घेतलं. तो भाव वाढवत राहिला. घरात मलमाची ट्यूब संपलेली, तरी तिने मान हलवली. म्हणाली, "ही द्यायची नाही." दार लावलं. मग हा टॉवेल काढला, मला त्यात गुंडाळलं, मोरीच्या दगडावर ठेवलं आणि हातोडी आणली.

तेव्हापासून ती समोर बसलीय. हातोडी एकदा दगडावरून उचललेली ऐकू आली, मग पुन्हा टेकलेली, पण माझ्यापर्यंत आली नाही. मला तिचा राग नाही. बायांनो, तुमच्याकडे माझ्यासारख्या असतील तर एक विनंती आहे. आतला माल संपला की आम्हाला फोडून टाका, शोभेला ठेवू नका. आमच्या काचेवरचं नाव पुसलं जात नाही, आणि त्या नावाखाली कुणीही काहीही भरतं.

पावलं वाजली. लेक आलीय कामावरून. ती मोरीच्या दारात थांबली. टॉवेल, हातोडी, आई, सगळं तिने बघितलं असणार.

"दे इकडे, आई," ती म्हणाली. "मी करते."

मावशी सरकली. लेक खाली बसली. टॉवेलाची घडी तिने हाताने चाचपली, मी कुठे आहे ते बघितलं. हातोडी उचललीय तिने. अगदी जवळ वाकलीय, श्वास ऐकू येतोय.

पोरी, तोंड बाजूला घे गं. काच उडते.