न उडालेली खुर्ची

शेडच्या पत्र्याला भोक पाडून लढाऊ विमानाची खुर्ची आकाशात गेली ती गेलीच, पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडली नाही. मात्र अशी काही घटना घडलेलीच नाही. संग्रहालयाच्या संचालकांनी तसं ठरवलंय, आणि ठरल्याबाहेर जायचं आपल्याला काय कारण? तेव्हा काहीही न घडण्याच्या त्या दुपारी काय झालं, तेवढंच सांगायचं.

विमान जुनं, जेट. दलदलीतून उपसून काढलं तेव्हा त्याच्या पोटात गाळ होता आणि बेडकांचा भरला संसार. ते धुऊनपुसून पुन्हा उभं करायचं काम दाजींकडे होतं, म्हणजे कार्यशाळेच्या मुख्य मेकॅनिककडे. रंगकाम त्यांच्या मेव्हण्याकडे. मेव्हण्याचा हात चांगला, तोंड वाईट. दिवसभर टकळी चालू. बायकोच्या शब्दाखातर दाजींनी त्याला कामावर घेतलं आणि तेव्हापासून ते कानात कापसाचे बोळे घालून वावरत होते.

या विमानाची खुर्ची साधी नव्हती. विमान पडायला लागलं की वैमानिकानं मांड्यांमधली कडी ओढायची. खुर्चीखालची दारू पेटते आणि तो खुर्चीसकट वर फेकला जातो. ती दारू काढून टाकू, असं दाजी पहिल्यापासून सांगत होते. पण संचालकांना सगळं अस्सल हवं होतं. इतकी वर्षं दलदलीत भिजलेली दारू, तिचा एव्हाना चिखल झाला असेल, असं त्यांचं मत. मग दाजींनी आपला एक नियम घातला. कडी हलू नये म्हणून तिच्या भोकात लोखंडी पिन, पिनेला लाल फीत, आणि खुर्चीत बसण्याआधी प्रत्येकानं फितीला हात लावून ‘आहे’ म्हणायचं. मोठ्यानं.

त्या दुपारी मेव्हण्यानं फितीला हात लावला, ‘आहे’ म्हणाला, वर ‘हजर, गुरुजी’ असंही म्हणाला आणि बसला. पुढे वाकून समोरच्या फळीवरची पुसट अक्षरं गिरवली. सरळ होताना पोटापाशी काहीतरी अडकलं आणि खाली ‘कट्’ असा बारीक आवाज आला.

त्यानं पाहिलं. ॲप्रनच्या नाडीचा फास कडीत अडकला होता आणि कडी बोटभर वर आली होती. ती येऊ नये म्हणून तर पिन होती. तेव्हा कुठे त्याला आठवलं, की पिन खाली दोरीवर वाळत घातलीय.

फीत विटकी दिसते म्हणून सकाळी त्यानंच पिन उपसून फितीला ताजा लाल रंग दिला होता. आता, रंगाऱ्याला उघडं भोक बघवत नाही, त्यात रंग जातो. म्हणून भोकात ब्रशच्या दांड्याचा तुकडा ठोकला, आणि नंतर काढायला सापडावा म्हणून त्याला लाल चिंधी बांधली. मघाशी हात लावून ‘आहे’ म्हटलं ते या चिंधीला. सगळ्या अस्सल विमानात तेवढा एक नकली तुकडा त्याचा जीव धरून होता, आणि तो तडकला होता.

हाक मारायचा धीर होईना. दाजी आले ते टकळी बंद पडली म्हणून. कानात बोळे असूनही त्यांना ती शांतता ऐकू आली. बोळे काढून ते शिडी चढले, आत पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“पिन कुठंय?”

“वाळतेय.”

दाजींनी शिवीसुद्धा दिली नाही. मेव्हण्याला त्याचीच जास्त भीती वाटली. कडी सरकल्यामुळे पिन आता बसणार नव्हती, आणि आतली स्प्रिंग कडीला वर ओढत होती. नाडी कापायची आणि माणूस बाहेर काढायचा, एवढंच हातात होतं. त्यांनी कार्यशाळेतल्या बाकीच्यांना बाहेर पिटाळलं आणि खिशातून कात्री काढली. कात्री नाडीपर्यंत न्यायची तर त्यांना खुर्चीवर ओणवं व्हावं लागत होतं, म्हणजे उडाली तर दोघंही गेले. मेव्हण्यानं वर पाहिलं. डोक्यावर बरोबर पत्र्याच्या बोल्टांची रांग होती. त्यातला कुठला आपल्या वाट्याला येईल, याचा तो अंदाज बांधू लागला.

दाजींनी विचारलं, “तुझ्या ताईला फोन लावू?”

“नको. ती ओरडेल, मी दचकेन.”

“मग बोलत राहा काहीतरी. रोज बोलतोस तसलं, फालतू. तू गप्प बसलास की मला काम सुचत नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विनोद मागत होतं आणि मेव्हण्याला एकही सुचेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, “आहे, दाजी.”

“काय आहे?”

“मी. अजून.”

नाडी तुटली. कडी थरथरली, थांबली. लाकूड करकरलं. झोपलेल्या बाळाखालून हात काढावा तसे मेव्हण्यानं आपले पाय खुर्चीतून काढले. शिडी उतरून दोघं दारापर्यंत चालतच गेले, कारण धावलं तर जमीन हादरेल. बाहेर पडल्यावर दाजींनी त्याच्या थोबाडीत द्यायला हात उचलला, आणि तो हात वर असतानाच आत लाकूड मोडलं.

दारूचा चिखल झालेला नव्हता. पत्रा फाटला, शेडभर धूर कोंडला आणि त्या धुरात वरून आभाळाचा एक तुकडा उतरला. दाजींचा उचललेला हात मेव्हण्याच्या खांद्यावर आला तो बराच वेळ तिथंच राहिला.

संचालक आले, भोकाकडे पाहिलं आणि म्हणाले की उद्घाटन तोंडावर आलंय, त्यामुळे असं काही झालेलं नाही. भोकाला त्यांनी ‘नैसर्गिक प्रकाशयोजना’ असं नाव दिलं. विमानात कार्यालयातली फिरती खुर्ची बसवली. मेव्हणा तर त्या वेळी विमानात नव्हताच.

तेव्हापासून मेव्हणा कुठल्याही खुर्चीत बसण्याआधी तिच्याखाली हात घालून चाचपतो आणि ‘आहे’ म्हणतो. ताईकडे जेवायला गेला तरी. दाजी हल्ली बोळे घालत नाहीत. पण मेव्हण्याची टकळीच थांबल्यामुळे ऐकायला काही येतही नाही. मेव्हण्यानं त्यानंतर एकच गोष्ट लिहून कार्यालयात दिली, ती अशी:

“विषय : भीती परत घेणेबाबत. महोदय, सदर दुपारी अर्जदार सदर खुर्चीत बसलेला नव्हता, असे आपल्या कार्यालयाने ठरविले आहे. सबब सदर खुर्चीत वाटलेली भीती अर्जदाराची नसून संग्रहालयाची मालमत्ता ठरते. ती अद्याप अर्जदाराकडेच असून बसताना, आडवे होताना व कुठेही लाकूड करकरल्यास बाहेर येते. वस्तू अस्सल आहे. तरी ती कार्यालयाने त्वरित ताब्यात घ्यावी व अर्जदारास रीतसर पोच द्यावी, ही नम्र विनंती.”