मुनीरची उष्टी रोटी

मैमुनाबीचं सुनेशी फार जुनं वैर होतं. लग्नाला चारच महिने झाले होते, तरी जुनं. हमीदा उझबेक. तिचे आजोबा फरगाण्याहून हजसाठी मक्केला आले आणि परत जायचं राहूनच गेलं. मैमुनाबीच्या मुलाने, मुनीरने, मक्केतली ही मुलगी करून आणली. रत्नागिरीतल्या मुली काय संपल्या होत्या, असं मैमुनाबी इथे दुबईतल्या प्रत्येक दारात जाऊन विचारून आली होती.

सून रोटी पालथी ठेवू देत नसे, तिन्हीसांजेला केर काढू देत नसे, कसल्याशा वाळक्या झुडपाचा धूर घरभर फिरवी. हे सगळं मैमुनाबी सोसत होती, म्हणजे रोज फक्त एकदाच भांडत होती.

सदुसष्ट साली मुनीर सहा महिन्यांसाठी अबुधाबीला तेल कंपनीत वेल्डर म्हणून निघाला. हमीदाने त्याच्यापुढे जाड, गोल रोटी धरली. त्याने एक घास तोडला. उरलेली तिने खिळ्याला टांगली.

"आमच्यात असंच. उरलेली खायला माणूस परत येतोच. तोवर हिला हात लावायचा नाही."

"माझ्या पोराला रोटीने बांधतेस काय गो? असलं खुळं आपल्यात नाही," असं म्हणत मैमुनाबीने मुनीरवरून सात मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

पंधराव्या दिवशी रोटीला मुंग्या लागल्या. मैमुनाबीने ती काढून बकरी ईदसाठी आणलेल्या बोकडाला घातली. बोकडाने दोन घासांत खलास केली.

हमीदा रडली नाही. खिळ्याकडे बघितलं, बोकडाकडे बघितलं. "ठीक. आता रोटी बोकडात आहे. बोकडाला हात लावायचा नाही."

त्यानंतर तीन आठवडे मुनीरचं पत्र नाही. शेजारणी चौकशीला येऊ लागल्या. "आम्ही असलं काही मानत नाही हो," प्रत्येक बाई म्हणे आणि जाताना बोकडाला नीट न्याहाळून जाई. एक तर बोकडाकडे बघून हळहळली, "मुनीर बारीक झालाय."

मैमुनाबीने तिला हाकलली. मग गुपचूप बोकडाला दुप्पट चारा घातला.

ईदच्या सकाळी तय्यब खाटीक सुरी घेऊन आला. "यल्ला, चला मैमुनाबी, अजून तीन घरं आहेत."

हमीदा दारात हाताची घडी घालून उभी. "कापा, अम्मी. तुमचा विश्वास नाही ना? मुनीर नाही आला, तर सगळ्या दुबईला सांगेन, त्याच्या आईनेच कापला."

"तोंड सांभाळ!" मैमुनाबी ओरडली. तय्यबने बोकडाला आडवा पाडला. बोकड ओरडला. मैमुनाबीने धावत जाऊन तय्यबचं मनगट धरलं.

"नको. आजारी आहे तो. आजारी जनावराची कुर्बानी होत नाही."

तय्यबने दात तपासले, डोळे तपासले. "घोड्यासारखा ठणठणीत आहे. काय झालंय ह्याला?"

मैमुनाबीने सुनेकडे असं बघितलं की चूल आपोआप पेटावी.

"पोटात मुनीर आहे," मैमुनाबी म्हणाली.

तय्यब सुरी पुसून पुढच्या घरी गेला.

हमीदा हसली नाही. तिने दुधीची सालं आणून बोकडापुढे टाकली. मैमुनाबीने ती लाथेने दूर सारली आणि स्वतःच्या ताटातला खजूर त्याच्या तोंडाशी धरला.

"माझा मुलगा काय खातो ते तू मला शिकवू नकोस."