मैना नापास होत नाही

गाड्या तपासणाऱ्या फिटनेस सेंटरच्या फाटकातून व्हॅन बाहेर काढताना स्वाती खुशीत होती. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या तिच्या जुन्या गाडीला दरवर्षी तपासणीला उभं राहावं लागे आणि तिची मैना यंदाही पहिल्याच फटक्यात पास झाली होती. मैना हे त्या मॉडेलचं नाव. कंपनीनं ती बनवणं कधीच बंद केलं होतं, तरी डिंडोलीत शाळेच्या फेऱ्या मारणारे बहुतेक जण हुडकून हुडकून मैनाच घेत. ही गाडी फिटनेसला नापास होत नाही, एवढंच त्यांना पुरे असे. स्वातीनंही ती सुकदेवभाऊंच्या शब्दावर घेतली होती. सुकदेवभाऊ शाळेच्या व्हॅनवाल्यांमधले सगळ्यात जुने, तिच्या माहेरच्या, पारोळ्याच्या बाजूचे.

उन्हाचं, गर्दीतून गाडी काढत ती डिंडोलीच्या ओव्हरब्रिजवर आली. उतार लागला तसा तिनं सवयीनं ब्रेकवर अलगद पाय ठेवला आणि पाय खाली गेला. पार तळाला टेकला. गाडी मात्र तशीच पळत राहिली. तिनं पाय उचलून जोरात दाबला, तेव्हा ब्रेक लागला. मागच्या रिक्षावाल्यानं शिवी दिली.

घरी नवरा, निंबा, कारखान्यात कापडाच्या लूमवर जायच्या तयारीत होता. तिनं सांगितलं तेव्हा तो डबा बांधता बांधता थांबला.

“आजच पास व्हयनी ना गाडी?”

“हो.”

“मंग? थकनी व्हशीन तू. पाय सरकना व्हई.”

पाय सरकला नव्हता. तरी तिला वाटलं, असेलही. संध्याकाळी ती भेस्तानला छगन मिस्त्रीकडे गेली. त्यानं ब्रेकचं तेल पाहिलं, ते भरलेलं होतं. चारही चाकांच्या आत हात घालून पाहिलं, कुठे गळती नव्हती. गाडी पळवून ब्रेक मारले, गाडी जागच्या जागी थांबली.

“ताई, काही नाही हिला,” तो म्हणाला. “मैना आहे ही.”

तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना निंबाच्या मित्राच्या रिक्षातून पाठवून ती पुन्हा फिटनेस सेंटरवर गेली. तिथल्या माणसानं गाडी पुन्हा ब्रेक तपासायच्या रोलरवर चढवली, सीटवर बसून दणकन ब्रेक दाबला. पडद्यावरचे आकडे वर चढले. पास.

“बेन, आ गाडी कोई दिवस फेल नथी थती,” तो हसत म्हणाला. “तमे खोटी चिंता करो छो.”

एवढ्या लोकांनी सांगितल्यावर आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिला वाटू लागलं. ती पुन्हा फेऱ्या मारू लागली. पण भीती गेली नाही. सकाळी दार उघडून मुलं आत चढू लागली की ती प्रत्येकाला नीट धरून बसायला सांगायची. तिची स्वतःची मुलगी गायत्री पुढच्या सीटवर बसायची, काचेच्या अगदी जवळ. स्वाती दर वळणाआधी ब्रेक दाबून बघायची, पुढच्या गाडीपासून लांब राहायची. मागून हॉर्न वाजत. मुलं कंटाळत.

“आंटी, आज पण केम धीमे?” कुणीतरी मागून ओरडायचं.

ब्रेक प्रत्येक वेळी लागत होता. त्यानं तिची भीती कमी व्हायला हवी होती, पण ती वाढतच गेली. आता नाही गेला, म्हणजे पुढच्या वेळी जाणार, असं तिला वाटे. रात्री झोपेत तिचा उजवा पाय झटके देई आणि निंबा जागा होई.

ऋचाबेनचा फोन आला. त्या बँकेत नोकरीला होत्या, त्यांचा मुलगा स्वातीच्या गाडीत होता. “स्वातीबेन, रोज उशीर होतोय. शाळेतून चिठ्ठी आली. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी दुसरी गाडी बघते.”

“जमेल,” स्वाती म्हणाली.

आणि पुढच्या सोमवारी ती थोडी वेगानं निघाली.

ओव्हरब्रिजवर चढताना वाहनांची रांग लागली होती. थांबत, पुन्हा सरकत ती माथ्यावर पोहोचली. उताराला पुढे कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो होता. त्याचे मागचे लाल दिवे लागले. तिनं ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला.

तिनं उचलून पुन्हा दाबला, पण रोजच्या सवयीनं हलकाच. पुन्हा खाली. टेम्पोवरचे गठ्ठे काचेत मोठे होत आले. गायत्रीनं तिच्याकडे पाहिलं. पोरीला काही कळलं नव्हतं, पण आईचा चेहरा पाहून तिनं सीट घट्ट धरली.

“सगळे खाली बसा!” स्वाती ओरडली. गिअर खाली आणला तसं इंजिन किंचाळलं. आणखी एक गिअर खाली. हँडब्रेक दोन्ही हातांनी खेचावा असं वाटत होतं, पण एक हात स्टिअरिंगवर हवा होता. तिनं गाडी डावीकडे कठड्याला घातली. पत्रा घासत गेल्याचा आवाज झाला, आरसा तुटून गेला, मागे मुलं किंचाळली. टेम्पोच्या मागे हातभर अंतरावर गाडी थांबली.

कुणाला फारसं लागलं नव्हतं. एकाचं दप्तर फाटलं, एका मुलीच्या ओठाला थोडं रक्त आलं. मुलं रडत होती. गायत्रीनं अजून सीट घट्ट धरलेली होती. स्वातीला पाय हलवता येईना. इंजिन चालूच होतं, तिचा पाय ब्रेकवर तसाच टेकलेला होता, जोर नसलेला. आणि तिला जाणवलं की पेडल त्या नुसत्या टेकलेल्या पायाखाली सावकाश उतरतंय. चिखलात पाय रुतावा तसं.

तिनं दणकन दाबलं. पेडल मध्येच घट्ट थांबलं. पुन्हा हलकं केलं, पुन्हा उतरू लागलं.

तेव्हा तिला फिटनेस सेंटरवरचा तो माणूस आठवला. छगनही आठवला. दोघांनीही ब्रेक जोरात दाबला होता.

तिचा फोन गेला तसा निंबा धावत आला. मुलं दुसऱ्या रिक्षांनी शाळेत गेली, गाडी ओढून छगनकडे नेली. छगननं ब्रेकचा मास्टर सिलिंडर, पेडलचा दाब तेलातून चाकांकडे नेणारा, उघडला. आतलं रबर झिजून मऊ झालं होतं. “गार असताना, जोरात दाबलं की धरतं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “गरम झालं, हळू दाबलं, की तेल आतल्या आत परत जातं. बाहेर थेंब नाही. मी पाहिलं नाही, ताई.”

“सगळ्या मैनांचं असंच असेल?”

छगननं झिजलेलं रबर पुसून तिच्या हातावर ठेवलं. स्वातीनं घड्याळ पाहिलं. शाळा सुटायची वेळ होत आली होती.

ती पोहोचली तेव्हा शाळेच्या भिंतीला लागून व्हॅन उभ्या होत्या, इंजिनं चालू, बहुतेक मैनाच. मुलं चढत होती. ती थेट सुकदेवभाऊंच्या खिडकीशी गेली आणि धापा टाकत सांगितलं.

सुकदेवभाऊंनी आजूबाजूला पाहिलं. “हळू बोल, पोरी. पोरांसमोर काय हे? मन्ही गाडी गया महिनाम्हा पास व्हयनी.”

“माझीपण झाली होती, भाऊ. दोनदा.”

“आईबापांच्या कानावर गेलं तर उद्या एकही पोर कुणाच्या गाडीत बसायचं नाही. सगळ्यांची चूल विझवशील तू.”

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. स्वाती गाडीसमोर जाऊन उभी राहिली. सुकदेवभाऊंनी रेस दिली, गाडी जराशी पुढे आली. ती हलली नाही.

“फक्त पाय टेकवा,” ती काचेतून ओरडली. “जोर लावू नका. नुसता ठेवून बसा. खाली नाही गेला तर मी बाजूला होते.”

सुकदेवभाऊंनी हँडब्रेक ओढला, वैतागून पाय ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिले. काही झालं नाही. मागच्या गाडीतून कुणीतरी हसलं.

मग सुकदेवभाऊंच्या भुवया हलल्या. त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. पाहतच राहिले. त्यांचा गुडघा हळूहळू सरळ होत होता.

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आज सकाळीच त्याच गाडीतून, त्याच पुलावरून, त्यांनी मुलं शाळेत आणली होती.

“उतरा रे,” ते म्हणाले. मुलांना ऐकू गेलं नाही. त्यांनी मोठ्यानं सांगितलं. “उतरा सगळे. भिंतीशी उभे राहा.”

एकेका मैनात तसंच पाहिलं. दोन-तीन गाड्यांचे ब्रेक टिकले, बाकीच्यांचे उतरले. दुपारच्या उन्हात भिंतीला लागून मुलांची रांग वाढत गेली. शाळेनं फोन केले तसे पालक येऊ लागले. कुणी व्हॅनवाल्यांवर ओरडलं, कुणी स्वातीवरच: आधी का नाही सांगितलंत? तिनं सांगितलं होतं, पण त्यांना नाही. ऋचाबेन आल्या, मुलाला जवळ ओढून त्याला घेऊन गेल्या.

नवा सिलिंडर बसवून गाडी पुन्हा रस्त्यावर आली तेव्हा निम्मी मुलं परत आली नाहीत. आली त्यांत ऋचाबेनचा मुलगा होता. पहिल्या दिवशी त्या स्वतः रजा काढून त्याच्याशेजारी बसल्या. पूल आला तसं त्यांनी त्याचा हात धरला. ब्रेक लागला, गाडी सावकाश उतरली. शाळेशी उतरताना त्या म्हणाल्या, “उशीर झाला तरी चालेल, स्वातीबेन.”

पुढच्या वर्षी तपासणी आली. सुकदेवभाऊंची मैना पास झाली, स्वातीचीही झाली, आणि ज्यांनी सिलिंडर बदललाच नव्हता अशा दुसऱ्या शाळांच्या मैनाही त्याच रांगेत एकामागून एक पास होऊन बाहेर पडत होत्या. स्वाती फाटकाबाहेर थांबून प्रत्येक खिडकीत डोकावत, पाय हलका ठेवून बघा, असं सांगत राहिली. काहींनी ऐकून घेतलं. एकानं काच वर केली. त्याची व्हॅन वळण घेऊन मुख्य रस्त्याला लागली, आणि तिच्या मागच्या काचेवर चिकटवलेली मुलांची चित्रं दिसेनाशी होईपर्यंत स्वाती तिकडेच पाहत होती.