कांद्याच्या वासाचं लोणी

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला बेकरीवाल्या बाईंचा फोन आला. माझा नवरा फोनवर इतक्या मोठ्याने बोलतो की त्याला खरं तर फोनची गरजच नाही. त्या दिवशी मात्र तो "हो... हो..." करत गप्प होत गेला.

"काय झालं?"

"म्हणतायत, आज पहिल्यांदाच माझा केक खाऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आलं." त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला. "लोण्याला कांद्याचा वास येतोय."

आमच्या लोण्याला! मी तणतणत कोल्ड रूममध्ये गेले आणि आदल्या दिवशीच्या लोण्याचं एक पाकीट फोडून आणलं. शनिवारपासून सर्दीने माझं नाक चोंदलं होतं, त्यामुळे मला लोणी काय नि दगड काय, सगळं सारखंच. नवऱ्याने हुंगलं आणि त्याचा चेहरा पडला. वास होता.

मग तो कुंपण बघायला धावला. मागच्या बाजूची तार सुटली होती आणि शेजाऱ्याच्या कांद्याची पात चांगली दोन वाफे खाल्लेली होती. रविवारी संध्याकाळी आमच्या गाईंनी तिथे मेजवानी केली, सोमवारच्या दुधात तो वास उतरला, त्या दुधाचं मंगळवारी लोणी झालं आणि ते बेकरीत पोचलं. सगळं सरळ होतं. एकच गोष्ट सरळ नव्हती, आणि ती आम्ही दोघंही तोंडातून काढत नव्हतो. सोमवारचं दूध आईंनी चाखलं होतं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, उंची जेमतेम कॅनच्या दुप्पट, आणि स्वभाव असा की गाईसुद्धा त्यांच्यासमोर शेपटी जपून हलवतात. आज आमच्याकडे साठ गाई आहेत, लोण्याची मशीनं आहेत, दोन गाड्या आहेत. आईंनी सुरुवात केली ती दोन गाईंवर. सासरे ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी. शेत, गाई, मुलगा, सगळं एकटीने बघून त्या सायकलवरून तीस घरी दूध घालायच्या. एकदा असाच कुठलासा पाला खाऊन दुधाला वास आला. त्यांनी दूध वासरांना पाजलं आणि रिकामी सायकल घेऊन तीसही घरी जाऊन सांगितलं, "आज दूध खराब आहे, देणार नाही. उद्या येते." कोणी विचारलंही नव्हतं, तरी सांगितलं. त्या दिवसापासून लोक त्यांचं दूध डोळे मिटून घ्यायला लागले. नवरा हा किस्सा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. मी तो किमान दोनशे वेळा ऐकलाय आणि दर वेळी घरं वाढतात. आता आकडा सत्तरवर गेलाय.

पण किस्सा खरा आहे, आणि आमचा सगळा धंदा त्या एका जिभेवर उभा आहे. रोज सकाळी साडेपाचला मी कॅनचं झाकण उघडते, दूध ढवळते, पळी भरून आईंच्या हातात देते. त्या घोट तोंडात घोळवतात, थुंकतात आणि म्हणतात, "चालेल." किंवा म्हणतात, "नको." त्यावर अपील नाही. लोण्याच्या मशीनवरच्या बाईला मंगळवारी वास आला होता म्हणे, पण आईंनी "चालेल" म्हटलंय हे आठवल्यावर तिने स्वतःच्याच नाकावर संशय घेतला.

"आईला कळता कामा नये," नवरा म्हणाला. "खचेल ती."

मला पटलं. बेकरीवाल्या बाई तीन नवीन दुकानं उघडत होत्या आणि त्यांचं सगळं लोणी आमच्याकडून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. ते गेलं असतं तरी आम्ही रडतखडत उभे राहिलो असतो. पण आईंना जाऊन "आता तुम्हाला जमत नाही" हे कोण सांगणार होतं? ज्या बाईने हे सगळं उभं केलं, तिला त्या कॅनपासून बाजूला हो म्हणायची माझी छाती नव्हती.

"गाडीत कांद्याची पोती होती म्हणून सांगू," नवरा म्हणाला. "वास लोण्याला लागला. चूक ड्रायव्हरची."

"बिचारा ड्रायव्हर."

"त्याला मी समजावतो."

"गाडी काढ," दारातून आवाज आला. आई पायात चपला घालून उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं देव जाणे. "बेकरीत जायचंय ना? मीही येते."

गाडीत मी मागे बसून नाक पुसत होते, नवरा ओठ हलवून कांद्याच्या पोत्यांची उजळणी करत होता.

बेकरीच्या मागच्या खोलीत भट्टीची ऊब होती. ओट्यावर कापलेले केक मांडून ठेवले होते, पुरावा मांडतात तसे. बेकरीवाल्या बाई पिठाने भरलेले हात पुसत आल्या. आईंना बघून त्यांचा राग थोडा अवघडला.

"मावशी, तुम्ही कशाला आलात?"

"त्याचं काय झालं," नवऱ्याने घाईघाईने सुरुवात केली, "आमच्या गाडीत काल कांद्याची पोती—"

"गाडीत कांदे नव्हते," आई म्हणाल्या.

नवऱ्याने वळून आईंकडे पाहिलं.

"गाई कांद्यात शिरल्या होत्या. दुधालाच वास होता. ते मी चाखलं आणि चालेल म्हणाले." आईंनी एक केकचा तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. "आताही मला काही कळत नाहीये. दोन वर्षं झाली, मला वासही येत नाही आणि चवही धड लागत नाही. तेव्हा मोठा ताप आला होता, त्यात गेली ती गेलीच."

खोलीत कुठेतरी टायमर वाजला. कोणी तो बंद करायला गेलं नाही.

"आई!" नवरा ओरडला.

बेकरीवाल्या बाई हिशेबी बाई आहेत. त्यांनी आधी टायमर बंद केला, मग विचारलं, "दोन वर्षं? मावशी, दोन वर्षांत तुमच्या लोण्याबद्दल माझी एक तक्रार नाही. मग दूध तपासत कोण होतं?"

आईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. "मी? मी फक्त झाकणं उघडते!"

"झाकण उघडलं की वाकून वास घेतेस. दूध बरं असलं की तोंड जसंच्या तसं. जरा कुठे काही खटकलं की डावी भुवई वर जाते. तुला ठाऊकही नसतं." आई बेकरीवाल्या बाईंकडे वळल्या. "हिला काही लपवता येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हातचं जेवली तेव्हाच कळलं होतं मला. मी पळी तोंडाला लावायची आणि हिच्या भुवईकडे बघून सांगायची. दोन वर्षं एकदाही चुकलं नाही. सोमवारी हिला सर्दी होती. भुवई हललीच नाही."

बेकरीवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाक लाल, हातात ओला रुमाल, आणि दोन्ही भुवया एव्हाना केसांत गेलेल्या.

"म्हणजे माझे केक," त्या सावकाश म्हणाल्या, "हिच्या सर्दीने बिघडले."

"माझ्या गप्प बसण्याने," आई म्हणाल्या. "हिचा काय दोष? हिला कोणी सांगितलंच नव्हतं की सगळं हिच्यावर आहे. सांगितलं असतं तर सर्दीतच ओरडली असती, आज माझ्या नाकावर जाऊ नका म्हणून. नवीन दुकानांचं तुम्ही बघा. लोणी घ्या नाही तर नका घेऊ. पण चाखणारी मी नाही, हे माहीत असून घ्या."

"विचार करून कळवते," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. यापेक्षा चार शिव्या बऱ्या.

परत येताना आई माझ्या शेजारी मागच्या सीटवर बसल्या. खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "घरोघरी जाऊन दूध खराब आहे सांगताना कधी लाज वाटली नाही गं. हे सांगायची वाटली. म्हटलं, मग मी सकाळी उठून करू काय?"

वीस वर्षं मी त्या कॅनपाशी उभी आहे. या घरात आले तेव्हा मला ताजं आणि शिळं दूध ओळखता येत नव्हतं. पहिल्या वर्षी आई प्रत्येक पळीतला अर्धा घोट माझ्यासाठी ठेवायच्या. "चाख. हा ओल्या गवताचा. हा आजारी गाईचा, जरासा खारट. हा नीट न धुतलेल्या कॅनचा. लक्षात ठेव." मी मनातल्या मनात चरफडायचे, की सासूला सुनेचा छळ करायची ही नवीन तऱ्हा सापडलीय. त्या मला स्वतःची जीभ देत होत्या. घोट घोट करून, रोज, अंधार फिटायच्या आत, आणि कधी बोलून न दाखवता. माझ्या आईने मला जन्म दिला, पण पायावर उभं केलं ते या बाईने. हे मला त्यांना सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आणि दोन वर्षं माझ्या भुवईवर धंदा चालवलात! एक दिवस मी दुसऱ्याच कशाने चिडलेली असते तर?"

"तेव्हा दोन्ही वर जातात," आई म्हणाल्या.

पुढे नवरा हसता हसता गाडी कडेला घ्यायच्या बेतात होता. मीही हसले, आणि हसता हसता रडले, आणि आईंनी मला माझाच ओला रुमाल दिला.

बेकरीवाल्या बाईंचा फोन शुक्रवारी आला. तिन्ही दुकानांचं लोणी आमच्याकडूनच. एकच अट, चाखणारीला सर्दी झाली तर त्यांना आधी कळवायचं.

शनिवारी माझं नाक मोकळं झालं. साडेपाचला मी गोठ्यापलीकडच्या खोलीत गेले तर आई आधीच तिथे होत्या. कॅन ओळीने लावलेले, आणि त्या माझ्या जागी उभ्या. त्यांनी पहिल्या कॅनचं झाकण काढलं, दूध ढवळलं, पळी भरली आणि माझ्यापुढे धरली. मग माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं.

"सांग," त्या म्हणाल्या.

मी पळी घेतली. घोट घेतला. "चालेल."

दुसरा. "चालेल."

तिसऱ्याला मी थांबले. वास नव्हता, आंबटही नव्हतं. घोट गिळता गिळता मागे काहीतरी खारट राहत होतं, इतकं पुसट की मला स्वतःचीच खात्री वाटेना. पुन्हा घेतला. होतं.

"नको," मी म्हणाले.

नवरा दारातून आत आला. "अगं, चाळीस लिटर आहे ते. परवा सर्दी होती तुला. आई, तू एकदा—" आणि तिथेच तो थांबला.

आई भिंतीकडून वळल्या. त्यांनी पळी माझ्या हातून घेतली, धुतली आणि पुसून ठेवली.

"तिने नको म्हटलंय," त्या म्हणाल्या. "वासरांना घाल."