भिंतीपलीकडचा फोन

इंटरनेट कंपनीच्या स्नेझानाने राउटर उलटा करून चष्म्याजवळ नेला, मागच्या चिठ्ठीवरचा आकडा वाचला आणि राउटर पुन्हा फ्रिजवर ठेवला. सकाळपासूनचं हे नववं घर. बुटांत पाणी शिरलं होतं आणि इथे बूट दाराशी काढावे लागल्यामुळे तिचे ओले मोजे सगळ्यांना दिसत होते. तिला आता त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

"काका, याला कुलपं तरी किती घातलीत?"

"आहेत तेवढी सगळी," वितोमिर म्हणाला. "चोर मागे लागलाय, तर काय दार उघडं टाकू?"

तो सहासष्ट वर्षांचा होता, चाळीस वर्षं कारखान्यात फाटकावर बसून निवृत्त झाला होता आणि अजूनही फाटकावरच बसल्यासारखा वागायचा. महिन्याभरापूर्वी त्याला राउटरच्या नोंदींमध्ये कुणीतरी चुकीच्या पासवर्डने सारखं आत शिरू बघतंय असं दिसलं. त्याने लगेच आणखी एक सेटिंग चालू केलं. तेव्हापासून रोज सहाच्या सुमाराला घरातलं वायफाय बंद पडत होतं आणि नेमकी त्याच वेळी ऑस्ट्रियातल्या लिंत्सहून मुलगी फोन करायची. तिचा चेहरा पडद्यावर गोठायचा, मग जायचा.

"चार वेळा तक्रार केली," स्ताना शेगडीपाशी उभी राहून म्हणाली. नवऱ्याबद्दल बोलताना ती त्याच्याकडे बघायची तसदी घेत नसे. "चोर म्हणे! आमच्या घरात चोरायला आहे काय, ह्याचे जुने पाने नि स्क्रू?"

भांड्यात उद्याच्या प्रसादाचा गहू रटरटत होता. उद्या संत लुकाचा दिवस, म्हणजे घराण्याची स्लावा, कुलसंताचा सण. कोबीची पानं सोलून ठेवलेली, पाद्र्याला निरोप गेलेला. स्तानाचे पाय सकाळपासून सुजले होते.

स्नेझानाने लॅपटॉप टेबलावर उघडला आणि नोंदी वाचत खाली खाली गेली. वितोमिर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"हे बघा. दहा वेळा चुकीचा पासवर्ड पडला, की राउटर पाच मिनिटं सगळ्यांना बाहेर काढतो. हे तुम्हीच चालू केलंत. म्हणजे नेट चोर पाडत नाही, तुम्ही पाडता."

"ऐकलंस?" स्ताना म्हणाली.

"पण दहा वेळा ठोकतो कोण, ते सांग की पोरी!"

"तेच बघतेय. चोर असा नसतो, काका. चोर एका रात्रीत हजार पासवर्ड घालून बघतो आणि जमलं नाही की दुसरं घर धरतो. हा रोज पावणेसहाला येतो, रात्रभर अधूनमधून ठोकतो, सकाळी साडेपाचला जातो. रविवारी दिवसभर असतो. हा फोन आहे. त्याला कधीतरी इथला पासवर्ड दिला होता, तो अजून तोच घालतोय. मालकाला कदाचित माहीतही नसेल."

तिने नोंदींमधून त्या फोनचा ओळखक्रमांक उचलला आणि वितोमिरने पूर्वी केलेल्या परवानगीच्या यादीत शोधला. यादीत पाच नावं होती, सगळी त्यानेच भरलेली. क्रमांक चौथ्या नावाशी जुळला.

"झिवान कोण?"

स्तानाने गॅस बारीक केला.

झिवान वितोमिरचा धाकटा भाऊ. बापाच्या घराचे दोन भाग केले तेव्हा मध्ये एका विटेची भिंत घातली होती आणि तिच्यापलीकडे तो राहायचा. तीन वर्षांपूर्वी वितोमिरने आईच्या थडग्यावर दगड बसवला. तिकडे दगडावर जिवंत माणसांचीही नावं कोरून ठेवतात, फक्त शेवटचं साल रिकामं सोडतात. वितोमिरने आईबापांखाली स्वतःचं आणि स्तानाचं नाव कोरून घेतलं. झिवान बिनलग्नाचा, त्याचं कधीही करता येईल, असं त्याला वाटलं होतं. दगडावर जागा उरली नाही. झिवानने दफनभूमीत सगळ्यांसमोर विचारलं, "मला कुठे पुरणार आहेस, कुंपणाबाहेर?" त्या संध्याकाळी वितोमिरने पासवर्ड बदलला. चूक आपली आहे हे त्याला त्याच रात्री कळलं होतं. सांगायला मात्र जीभ रेटली नाही.

"अजून तोच फोन वापरतो," तो शेवटी म्हणाला. "चिक्कू."

"जाऊन बोलाव त्याला उद्यासाठी," स्ताना म्हणाली.

"स्लावाला कुणी बोलावणं करतं का? ज्याला यायचं तो येतो."

"तीन वर्षं हेच ऐकतेय. तोही तिकडे हेच म्हणत बसला असेल. दोघांच्या डोक्यात एकाच खाणीतला दगड."

स्नेझानाला घरी जायचं होतं. दुसऱ्यांच्या भावाभावांची भांडणं तिने पुष्कळ ऐकली होती आणि ती सोडवणं तिच्या कामात बसत नव्हतं.

"ते पाच मिनिटांचं सेटिंग मी काढलंय," ती म्हणाली. "आता सुरक्षा नव्या प्रकारची करून देते. इतक्या जुन्या फोनला ती कळत नाही, त्याला मग हे दार दिसणारच नाही. ठोकणं कायमचं बंद. करू?"

वितोमिर पडद्याकडे बघत राहिला.

"कायमचं?"

"हो."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. एकदम थकल्यासारखा दिसला, म्हातारा.

"जुना पासवर्ड परत घालता येतो का?"

"येतो. आठवतोय?"

त्याने एका दमात सांगितला, अक्षरं आणि आकडे, एकही न चुकता. स्नेझानाने टाइप केला. राउटरचे दिवे विझले, पुन्हा लागले. घरातल्या टीव्हीत आणि दोन्ही फोनांत तिने तोच पासवर्ड टाकला. यादीत एकेक नाव हिरवं होऊ लागलं. टीव्ही. स्ताना. तिसरं वितोमिरचं. मग झिवान.

भिंतीपलीकडे फोन टुणटुणू लागला, एकामागून एक, थांबेचना. मग विटेवर मूठ आपटली.

"ए! तुझं नेट माझ्या फोनात घुसलंय! काढ ते!"

तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकलेला आवाज. वितोमिरने स्नेझानाकडे पाहिलं, स्तानाकडे पाहिलं.

"निघत नाही!" तो भिंतीकडे तोंड करून ओरडला. "बाई आलीय कंपनीची, ती पण म्हणते निघत नाही!"

स्नेझानाने लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.



"तुला कधी काही धड करता आलंय?" झिवान म्हणाला. आवाज आता भिंतीच्या अगदी जवळून येत होता, ओरडण्याचा नव्हता. मग, "उद्या पाद्री कितीला येतोय?"

वितोमिर उठून भिंतीला हात टेकवून उभा राहिला.

"दहाला," स्ताना म्हणाली.