वन्संची उलट बाजू

बैठकीत मास्तरांनी भिंतीवरच्या पडद्यावर दाखवलेल्या प्रोग्रामच्या ओळीत बरोबरीची दोन चिन्हं होती. तीन हवी होती. दोन असली तरी ओळ चालते, तक्रार करत नाही. फक्त उत्तर चुकतं.

मास्तर आमच्यातलेच, संध्याकाळी प्रोग्रामिंग शिकवतात; ओळ त्यांच्या वर्गातल्या एका नर्सची होती. तिला 'जुने' या शब्दाने सुरू होणाऱ्या फाइल्स पुसायच्या होत्या. आम्ही सांभाळतो त्या प्रोग्रामिंगच्या भाषेत हे सरळ विचारायची सोय नाही. शब्द कितव्या जागी आहे असं विचारायचं, आणि उत्तर शून्य आलं तर तो सुरुवातीला आहे असं समजायचं, कारण आमची मोजणी शून्यापासून सुरू होते. शब्द सापडलाच नाही, तर उत्तर 'नाही' येतं. दोन चिन्हं शून्याला आणि 'नाही'ला एकाच मापाने मोजतात. तिसरं लावलं तरच फरक कळतो. नर्सच्या जुन्या फाइल्स गेल्या, नव्याही गेल्या. नंतर ती वर्गाला आली नाही.

प्रत्येकाला भाषेबरोबर आयती फंक्शन्स मिळतात, म्हणजे एकेक ठरलेलं काम करून देणारे तयार तुकडे; त्यांची मूळ लायब्ररी माझ्या थोरल्या नणंदबाई सांभाळतात. घरी मी त्यांना वन्सं म्हणते. ऑफिसात एकदा तोंडातून निघून गेलं आणि तेव्हापासून सगळेच म्हणतात, वयाने मोठे असलेले मास्तरसुद्धा.

मास्तरांची मागणी जुनी होती. मजकूर अमक्याने सुरू होतो का, अमक्याने संपतो का, अमुक त्यात आहे का, अशी तीन छोटी फंक्शन्स लायब्ररीत घ्या. उत्तर हो किंवा नाही, बस. भाषेच्या दर नव्या आवृत्तीला वन्सं म्हणत, एका ओळीत लिहिता येतं त्याला फंक्शन कशाला, पुढच्या वेळी बघू. एकदा घेतलेलं फंक्शन काढता येत नाही, जगभरचे प्रोग्राम त्यावर उभे राहतात. हे समजावताना त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "भावजयीसारखंच. आणली की आणली." मी म्हणायचे, माझ्या वेळी बैठक घेतली असती तर बरं झालं असतं.

या वेळी मास्तर थट्टेच्या मनःस्थितीत नव्हते. नव्या सत्रात कोणती भाषा शिकवायची ते त्यांना त्याच दिवशी कळवायचं होतं. जीव याच भाषेत आहे, ते म्हणाले, पण शिकायला आलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात असं तोंडघशी पाडायचं मला आता जमणार नाही.

वन्संनी विषय चर्चेला घेतला, तेव्हाच मी सावरून बसले. त्यांचा नियम असा, की ज्याला फंक्शन हवं त्याने विरोधात बोलायचं आणि ज्याला नको त्याने बाजूने. तेही मन लावून. निर्णय त्यानंतर.

मास्तरांनी हातचं राखलं नाही. लोकांना बोट दिलं की मनगट धरतात, उद्या इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षर न बघता शोधणारी फंक्शन्सही मागतील, असं ते म्हणाले. मग खरी मेख पुढे केली. "एकही अक्षर नसलेला कोरा मजकूर दिला तर? 'घर' हा शब्द कोऱ्याने सुरू होतो का? हो म्हणाल की नाही?"

याच प्रश्नावर गाडी अडून होती. वन्सं जेवतानाही मध्येच थांबायच्या ते याच्यासाठी, हे मला ठाऊक होतं.

त्या उठल्या, फळा स्वच्छ पुसला आणि सावकाश बोलू लागल्या. "सुरू होतो का, म्हणजे काय? दिलेल्या मजकुरात जितकी अक्षरं, तितकीच पुढून कापून घ्यायची आणि जुळवायची. कोऱ्यात शून्य अक्षरं. मग शून्य कापा. हातात काही नाही, समोरही काही नाही. जुळलं. म्हणजे हो."

शेवटाकडून तेच आणि मधूनही तेच. कोऱ्या मजकुरासाठी वेगळा नियम लागतच नव्हता. फंक्शन्स तपासायचं काम माझं. नवीन फंक्शन म्हटलं की त्याचा अपवाद कुठे लपला असेल ते मी आधी शोधते. फळ्याकडे बघत मी बराच वेळ शोधला. सापडला नाही. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं घासून त्यांनी अशी लख्ख केली होती, की ती कोणालाही सुचली असती असं वाटावं.

लहान-मोठ्या अक्षरांचं त्यांनी एका वाक्यात मिटवलं: त्याचे नियम प्रत्येक लिपीचे वेगळे, तो पाहुणा या दाराने येणार नाही. मग लोकांनी जाहीर केलेले प्रोग्राम गेले काही आठवडे आपण स्वतः चाळत होतो, असं त्यांनी सांगितलं. नर्सच्याच ओळीतली चूक जागोजागी भेटली, मुरलेल्या लोकांच्या हातचीसुद्धा.

"एका ओळीत लिहिता येतं, हे माझंच वाक्य," त्या म्हणाल्या. "येतं. पण बरोबर लिहिता येतं का, हे मी पाहिलं नव्हतं."

नियमाप्रमाणे आता दोघांनी आपापल्या मूळ बाजूला परतायचं होतं. मास्तर परतले, फंक्शन्स हवीतच म्हणाले. वन्सं फळ्यापाशीच उभ्या राहिल्या. मास्तरांनी फोन उचलला, पुन्हा पालथा ठेवला. 'पुढच्या वेळी बघू' कधी येतं, याची मी वाट बघत होते.

"मास्तर, वर्गाला कळवून टाका, भाषा हीच," वन्सं म्हणाल्या. "तिन्ही घेतोय. याच आवृत्तीत."