राम शेतात गेले

मला राग लवकर येतो. हे आमच्या शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे, त्यांच्या आयांना ठाऊक आहे आणि आता साक्षरता वर्गाला येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही कळून चुकलं आहे. टॅबला राग येत नाही. चुकलं की तो गोड आवाजात म्हणतो, “पुन्हा वाचू या का?” मी दुसऱ्या चुकीला डस्टर आपटते. त्यामुळे वर्गात टॅब लाडका आणि मी सावत्र.

आमचं गाव शेवगावच्या पूर्वेला, कोरडवाहू. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं आणि मागे शेरडं, कुत्री आणि म्हातारी माणसं राहतात. त्यातल्या सात-आठ बायका शाळा सुटल्यावर माझ्याकडे लिहायला-वाचायला येतात. यंदा वर्गासाठी एक टॅब मिळाला. त्यात धडा दिसतो, शिकणाऱ्या बाईने तो मोठ्याने वाचायचा. बरोबर वाचलेला शब्द हिरवा होतो, चुकलेला लाल. त्यातला आवाज बाईमाणसाचा, म्हणून सगळ्या तिला ‘टॅबातली बाई’ म्हणतात. वर्गात गलका फार, तेव्हा एकेकीने शेजारच्या रिकाम्या खोलीत बसून वाचायचं आणि टॅब मला आणून द्यायचा. मी नुसते लाल शब्द बघायचे आणि तेवढेच फळ्यावर घ्यायचे. माझं काम निम्म्याने कमी झालं होतं आणि मी अगदी खूश होते.

वर्गात सगळ्यात हुशार झुंबरबाई. साठी ओलांडलेली, नाकीडोळी नीटस, बोलायला फटकळ. तिला वाचायला शिकायचं होतं ते लेकीसाठी. लेक रेश्मा भंडारदऱ्याच्या बाजूला दिलेली. फोनवर बोलताना सासरची माणसं भोवती असतात, म्हणून मनातलं काही असलं की ती आईला मेसेज लिहून पाठवते. आई तो शेजारच्या कुणाकडून तरी वाचून घेते. मग लेकीचं दुखणंखुपणं संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला पाठ झालेलं असतं.

“बाई, लेकीनं आईला सांगितलेलं गावानं का ऐकावं?” असं तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी तिच्या हातात पाटी दिली.

काना, मात्रा, वेलांटी तिने भराभर उचलली. ‘पानी’ म्हटलं की टॅबातली बाई लाल करते हे कळल्यावर जीभ वळवून ‘पाणी’ म्हणायलाही शिकली. “तिला बरं वाटतंय तर म्हनायचं, आपलं काय जातंय,” म्हणाली. अडत होतं ते जोडाक्षरांवर. लेकीचं नावच जोडाक्षराचं. आणि जोडाक्षरं दुसऱ्या टप्प्यात होती. पहिल्या टप्प्याची परीक्षा टॅबवर पास झाल्याशिवाय दुसरा टप्पा उघडत नव्हता, नापास झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

“नापास झाले तर पुन्ना यायची न्हाई मी,” झुंबरबाईने बजावून ठेवलं होतं. “ह्ये आत्ताच हसत्यात, मंग तर डोक्यावर बसत्याल.”

‘ह्ये’ म्हणजे तिचे यजमान, तात्या. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, मीही तेच म्हणायचे. रोज वर्ग सुटायच्या वेळेला ते शाळेच्या पायरीवर येऊन बसायचे आणि खाकरायचे. “कलेक्टर झाली आसंल तर चला, म्हशीची धार काढायची हाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आत मात्र कधी आले नाहीत.

परीक्षा आठवड्यावर आली आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. पहिल्या टप्प्यात जोडाक्षर नको म्हणून सगळ्या धड्यांचा नायक एकच ठेवलेला, राम. राम शेतात गेला, राम बाजारात गेला, राम घरी आला. परीक्षेतही रामच असणार होता. झुंबरबाई ‘खुरपणी’, ‘डाळिंब’, ‘विहिरीवर’ असले शब्द हिरवे करून आणायची आणि ‘राम’ लाल. दर वेळी, प्रत्येक धड्यात. त्याच्या जोडीला ‘गेला’ लाल, ‘आला’ लाल. एवढे लाल घेऊन पास होणं शक्य नव्हतं.

मी फळ्यावर ‘र’ लिहिला. वाचला. ‘म’ लिहिला. वाचला. ‘गेला’, ‘आला’ लिहिलं, तेही वाचलं. ‘राम’ लिहिलं तर खाली मान घालून पदराचं टोक चाचपत बसली.

“मावशी, दोन अक्षरं आहेत,” मी म्हणाले. “डाळिंब येतं आणि हे येत नाही? थट्टा करता का माझी?”

मी डस्टर आपटलं. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघून गालात हसत होत्या, त्याचा मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी टॅब तिच्या हातात दिला आणि मीही मागोमाग त्या खोलीत जाऊन बसले. झुंबरबाईने धडा उघडला, घसा साफ केला आणि बोट ठेवून वाचू लागली. “ह्ये शेतात गेले. विहिरीचे पाणी पाहिले. ह्ये बाजारात गेले. ह्ये घरी आले.”

मी बघतच राहिले. दारात वर्गातलीच छबूबाई येऊन उभी होती, तिला हसू आवरेना. “आवो बाई, राम म्हंजे तिचं मालक. तात्याचं खरं नाव त्येच हाय. ती कशी घेनार त्यांचं नाव?”

वाचता न येणारी बाई धडा वाचता वाचता नामाच्या जागी सर्वनाम घालत होती, क्रियापद आदरार्थी करत होती, आणि मी तिला ‘र’ आणि ‘म’ शिकवत बसले होते. महिनाभर मी फक्त लाल रंग वाचला होता. मला इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं, आणि हसता हसता झुंबरबाईवर इतकी माया आली की काय सांगू.

“मला सांगायचं नाही का, मावशी?”

“त्यात काय सांगायचं?” ती म्हणाली. “टॅबातली बाई बाईमानूस हाय. तिला कळंल, वाटलं.”

मग मी समजावून पाहिलं. हा राम वेगळा, हा पुस्तकातला, तुमचा काही संबंध नाही. ती म्हणाली, “व्हय, पन तोंड माझंच हाय ना.” म्हटलं, यंत्राला काय कळतंय. ती म्हणाली, “यंत्राला न्हाई कळत, मला कळतंय.” धडा बदलून मिळेल का म्हणून मी तालुक्याला फोन केला. तिकडचे साहेब आधी हसले, मग म्हणाले की धडा सगळीकडे सारखाच असतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी झुंबरबाई पाटी परत द्यायला निघाली. तेव्हा छबूबाई म्हणाली, “आगं, लग्नात घेतलं हुतंस ना नाव? तसं घे की.” झुंबरबाईने पाटी पुन्हा काखेला लावली आणि घरी गेली.

परीक्षेला आम्ही सगळ्याच त्या खोलीत जमलो. आवाज करायचा नाही, म्हणून बायकांनी तोंडाला पदर लावलेले. पायरीवर तात्या येऊन बसले होते. झुंबरबाईने डोक्यावरून पदर घेतला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

“बांधावरच्या बोरीला बोरं लागली गोड, राम धनी माझे, न्हाई त्यांना तोड,” ती म्हणाली आणि तशीच पुढे, “शेतात गेले.”

टॅब क्षणभर थांबला. बोरी आणि बोरं त्याच्या धड्यात नव्हती, ती त्याने सोडून दिली. ‘राम’ हिरवा झाला.

विहिरीचं पाणी तिने सरळ पार केलं. बाजाराच्या वाक्याला पुन्हा थांबली. “काळ्या रानात ज्वारी आली भरात, राम हायती म्हनून उजेड माझ्या घरात. बाजारात गेले.” हिरवा. छबूबाईने माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठला. शेवटच्या वाक्याला झुंबरबाई स्वतःच थोडी हसली. “चहाच्या कपात साखर पडली कमी, राम रुसून गेले तरी परत येत्यात नेहमी. घरी आले.”

तिन्ही राम हिरवे. ‘गेला’ आणि ‘आला’ लालच राहिले. तिथे तिने माघार घेतली नाही आणि मीही आग्रह केला नाही. गुण काठावरचे आले, पण पडद्यावर ‘उत्तीर्ण’ असं आलं. खाली दुसरा टप्पा उघडला आणि त्यातला पहिलाच धडा जोडाक्षरांचा होता. बायकांनी एकच कालवा केला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

तेवढ्यात दारात सावली पडली. तात्यांनी चपला बाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि पहिल्यांदाच आत आले. बायकांनी सरकून वाट दिली. झुंबरबाईने पटकन पदर ओढून घेतला. “चला, धारंची येळ झाली,” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

तात्या हलले नाहीत. टॅबकडे बोट करून मला म्हणाले, “बाई, आत्ता हिनं म्हनलं ते ह्याच्यात ऱ्हायलंय का?”

“राहिलंय, तात्या. आवाज साठवून ठेवतो तो.”

“लावा.”

मी लावलं. खोलीत झुंबरबाईचा आवाज आला, बोरी आली, ज्वारी आली, साखर कमी पडलेला चहा आला. तात्या कान पुढे करून, मान जराही न हलवता ऐकत होते.

“आवो, पुरं की आता,” झुंबरबाई पुटपुटली.

“थांब गं,” तात्या म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “लग्नात घेतलं हुतं तिनं नाव. पन बँडवाले लई जोरात वाजवत हुते, मला ऐकूच आलं न्हाई. पुन्यांदा लावा.”